ताबा, मालकी आणि वहिवाट : घरच्या सर्व्हरचा इतिहास



मागच्या वेळी आपण जुन्या दप्तरांबद्दल बोललो. घराण्यांचे कागद घरात राहिले तर काय होतं, सरकारजमा झाले तर काय होतं, असा तो विषय होता. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, माझे फोटो, पत्रं, हिशेब सगळं कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रावर आहे. ते घरी आणून ठेवता येत नाही का?" उत्तर असं आहे की येतं, पण. आज त्या 'पण'बद्दल बोलायचं आहे. तंत्रज्ञान हा आमचा प्रांत नव्हे, आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण नंदनवनातल्या आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर गेली काही वर्षं एक छोटं यंत्र सतत चालू आहे. त्यावर कुटुंबाचे फोटो आहेत, या व्याख्यानांच्या ध्वनिफिती आहेत, आमच्या टिपणवह्यांची स्कॅन केलेली पानं आहेत. शेजारी राहणाऱ्या, इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका पोट्ट्याने ते बसवून दिलं. तेव्हा थोडं अनुभवाने आणि बरंचसं वाचून बोलतो.

सर्व्हर म्हणजे काय, ते आधी सांगून टाकू. दुसऱ्याने मागितलं की देणारं यंत्र, एवढंच. आपल्या फोनने फोटो मागितला की तो देतं, पत्र आलं की ठेवून घेतं. ते मोठंच असलं पाहिजे असं नाही. रास्पबेरी पाय नावाचं हातात मावणारं संगणक-यंत्र २०१२ साली ३५ डॉलरला बाजारात आलं, तेही हे काम करतं. म्हणजे अडचण यंत्राच्या किमतीची नाही. अडचण कुठे आहे ते पाहायला इतिहासात जावं लागतं.

आमच्या घरापासून जवळच जगनाडे चौक आहे. रोज हजारो लोक तिथून जातात. हे जगनाडे म्हणजे संताजी जगनाडे महाराज, तुकोबांचे टाळकरी आणि त्यांच्या अभंगांचे लेखक. व्यवसायाने तेली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि पुन्हा वर आल्या, ही कथा आपल्याला तोंडपाठ असते. संताजींच्या वह्यांचं आपल्याला कमी माहीत असतं. त्या वह्या एका कुटुंबाकडे, घरात, पिढ्यान् पिढ्या राहिल्या. १८७३ साली मुंबई सरकारच्या आश्रयाने गाथेची मोठी छापील आवृत्ती निघाली. पुढे १९१९-२० मध्ये वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' छापला. गाथेच्या पाठांवरून अभ्यासकांत आजही वाद आहेत, त्यात आज शिरत नाही. मुद्दा असा की अडीचशे वर्षं एका घराने कागद सांभाळले, म्हणून वाद घालायला काही उरलं.

पण घर सांभाळतं तसं घर गमावतंही. इथून दोन-तीन किलोमीटरवर, महालात भोसल्यांचा राजवाडा होता. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा. १८६४ साली तो जळाला. राज्य तर त्याच्या दहाएक वर्षं आधीच खालसा झालं होतं. राजवाड्याची ही गत, तर वाडे आणि माळवदांखालची रुमालात बांधलेली दप्तरं वाळवीने, पावसाने, आणि बंबात घातल्यामुळे किती गेली याची मोजदाद नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करत फिरले ते याच भीतीने.

आता इंटरनेटकडे येऊ. त्याची मूळ कल्पना आपल्या आजच्या प्रश्नाच्या बाजूची होती, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. १९८१च्या सप्टेंबरात या जाळ्याचा पायाभूत नियम कागदावर आला. त्यात मोठं यंत्र आणि छोटं यंत्र असा भेदच नाही. प्रत्येक यंत्राला एक पत्ता, आणि कोणताही पत्ता कोणत्याही पत्त्याशी बोलू शकतो. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९८२ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी ई-मेलच्या देवाणघेवाणीचा नियम लिहिला. त्यातही परवाना नाही, शिफारसपत्र नाही. तुमच्या यंत्राने आमच्या यंत्राचं दार वाजवायचं, नमस्कार करायचा, पत्र द्यायचं. अक्षरशः 'हेलो' म्हणायची आज्ञा आहे त्यात. इतकंच काय, ओळखदेख नसलेल्याचं पत्र तिसऱ्याला पोहोचवून देणं हा त्या काळी शिष्टाचार होता. वाटसरूला पाणी द्यावं तसा.

भारतात हे जाळं १९८६ पासून अर्नेट या प्रकल्पातून आलं, पण ते शिक्षणसंस्थांपुरतं. मुंबईत जुहूला एनसीएसटी नावाची संस्था होती, तिने त्यात मोठं काम केलं. आपल्या देशाचं 'डॉट इन' हे आडनाव १९८९ पासूनचं. सामान्य माणसासाठी विदेश संचार निगमने दार उघडलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तारीख मुद्दाम निवडलेली. पण ज्या वर्षी आपल्याला दार उघडलं, त्या सुमाराला घराला स्वतःचा पत्ता मिळण्याची शक्यता जगभरच मावळायला लागली होती.

याचं कारण अंकगणिती आहे. १९८१च्या नियमात पत्त्यासाठी ३२ बिट ठेवले होते. म्हणजे साधारण ४२९ कोटी पत्ते. प्रयोगशाळांच्या जाळ्याला ते समुद्रासारखे वाटले असणार. १९९४ पर्यंत तुटवडा दिसायला लागला, आणि एक तात्पुरती युक्ती निघाली : एका घराला एकच खरा पत्ता द्यायचा आणि आतल्या यंत्रांनी तो वाटून घ्यायचा. आपल्या राउटरवर १९२.१६८ने सुरू होणारे आकडे दिसतात ना, ते हे घरगुती, बाहेर न चालणारे पत्ते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. आपल्या आशिया विभागाची तंगी त्याच एप्रिलमध्ये सुरू झाली. मग युक्तीवर युक्ती आली. एक खरा पत्ता आता एका घराला नाही, शेकडो घरांना मिळून. याला सीजीनॅट म्हणतात.

समजा, एखाद्या मोठ्या संकुलात फ्लॅट नंबरच नाहीत. फक्त संकुलाचं नाव आहे आणि दारात एक चौकीदार आहे. तुम्ही बाहेर पत्र पाठवलंत तर त्याच्या लक्षात राहतं, उत्तर आलं की तो बरोबर आणून देतो. पण बाहेरच्या कोणी आपणहून तुम्हाला भेटायला यायचं ठरवलं, तर चौकीदार म्हणतो, इथे कोण राहतं मला माहीत नाही. घरी सर्व्हर ठेवणं म्हणजे बाहेरच्याने आपणहून येण्याची सोय करणं. नेमकी तीच बंद.

आमच्या घरी हेच झालं. यंत्र बसलं, घरात सगळं छान चाललं, आणि पुण्याला मुलीने उघडायला गेली तर काही नाही. सेवा देणाऱ्यांना फोन केला. त्यांचं म्हणणं पडलं, स्थिर पत्ता हवा असेल तर व्यापारी योजना घ्या. आम्ही म्हटलं, आमचा व्यापार नाही. ते म्हणाले, मग तुम्हाला पत्ता कशाला हवा? मंडळी, या प्रश्नात एक आख्खं नागरिकशास्त्र दडलेलं आहे.

ते नागरिकशास्त्र सरकारी कागदातही सापडतं. ऑक्टोबर २००४ मध्ये भारत सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची व्याख्या त्यात केली : सतत चालू असणारी आणि किमान २५६ केबीपीएस वेगाने माहिती उतरवून घेता येईल अशी जोडणी. उतरवून घेता येईल. चढवण्याच्या वेगाचा किमान आकडा नाही. पुढे हा आकडा वाढला, २०२३ मध्ये किमान २ एमबीपीएस झाला, तरी तोही उतरवण्याचाच. यात कोणाचं कारस्थान होतं असं आम्ही म्हणत नाही. टेलिफोनच्या तारेवर त्या काळी जे तंत्र होतं त्यात खाली येणाऱ्या रस्त्याला रुंद भाग आणि वर जाणाऱ्याला अरुंद, अशी वाटणी होती, आणि बहुतेक लोकांची गरजही तशीच होती. पण व्याख्येने एक चित्र पक्कं केलं. नागरिक म्हणजे घेणारा. देणारे वेगळे, दूर कुठे तरी. आता घरोघरी फायबर आलं, दोन्ही बाजूंचा वेग सारखा मिळायला लागला. चित्र मात्र तेच राहिलं.

पत्त्याच्या अडचणीवर उपाय आहेत. नवी पत्तापद्धत, जिला आयपीव्ही६ म्हणतात, तिचा नियम १९९५ साली लिहिला गेला आणि तिच्या वापरात भारत आज जगात पुढे आहे, मुख्यतः २०१६ नंतरच्या मोबाइल जाळ्यांमुळे. पण सगळीकडे ती अजून चालत नाही. पलीकडचा जुन्या पद्धतीवर असेल तर तुमचा नवा पत्ता त्याला दिसत नाही. दुसरा उपाय म्हणजे बाहेर एक छोटं यंत्र भाड्याने घ्यायचं आणि त्याच्यापर्यंत घरातून भुयार खणायचं. आम्ही तेच केलं. म्हणजे स्वतःचं घर स्वतःचं ठेवण्यासाठी दुसऱ्याच्या घरी एक खोली भाड्याने घेतली. डोमेन नावाचंही तसंच. लोक म्हणतात नाव विकत घेतलं. विकत काही मिळत नाही, दर वर्षी भाडं भरावं लागतं, चुकलं की नाव दुसऱ्याचं.

आता ई-मेल. ही खरी रडकथा आहे, इथे थोडं थांबू.

आमच्यासारख्या माणसाला वाटतं, घरी टपाल ठेवण्यात मुख्य शत्रू वीज असेल. लाइन गेली की पत्र हरवणार. तसं होत नाही. १९८२चा नियम आणि त्याच्या पुढच्या सुधारणा फार सोशिक आहेत. पलीकडचं यंत्र बंद दिसलं तर पाठवणाऱ्याने पुन्हापुन्हा यावं, निदान चार-पाच दिवस तरी हार मानू नये, असं त्यात सांगितलेलं आहे. जुन्या पोस्टमनने सुद्धा इतक्या खेपा घातल्या नसत्या. येणारं टपाल घरी घेणं त्यामुळे तुलनेने सोपं. जाणारं टपाल पोहोचवणं कठीण.

कारण मधल्या काळात पत होऊन बसली महत्त्वाची. पहिलं नकोसं जाहिरातपत्र ३ मे १९७८ रोजी गेलं. एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने चारेकशे लोकांना एकदम पाठवलं आणि भरपूर बोलणी खाल्ली. नव्वदच्या दशकात त्याचा पूर आला. वाटसरूला पाणी देणारी यंत्रं, म्हणजे कोणाचंही पत्र पुढे नेणारी, या टपालचोरांनी वेठीला धरली. मग दारं बंद होऊ लागली. १९९७ मध्ये पॉल विक्सी आणि सहकाऱ्यांनी बदनाम पत्त्यांची यादी सुरू केली, पाठोपाठ इतर याद्या आल्या. त्यांतल्या काही याद्या गुन्ह्यावरून होतात. पण काही नुसत्या पत्त्याच्या प्रकारावरून होतात : हा घरगुती जोडणीचा पत्ता आहे, घरातून कोणी थेट टपाल पाठवणं अपेक्षित नाही, सबब नाकारा. बँकेने म्हणावं की तुमची काही तक्रार नाही, पण त्या वस्तीतल्या लोकांना आम्ही कर्ज देत नाही.

याद्या करणाऱ्यांची बाजूही आहे. घराघरातली विषाणू लागलेली यंत्रं, मालकाला पत्ता नसताना, रोज लाखो पत्रं फेकत होती. त्यांना रोखायचं कसं? आमच्या मते ते वागले ते समजण्यासारखं होतं, आणि त्याचा परिणाम तरीही अन्यायाचा झाला. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

त्यानंतर सह्याशिक्क्यांची रास. या पत्त्यावरून माझ्या नावाने टपाल निघू शकतं असं जाहीर करायचं, प्रत्येक पत्रावर गणिती शिक्का मारायचा, शिक्का जुळला नाही तर काय करावं तेही लिहून ठेवायचं. शिवाय पत्त्यावरून उलटं शोधलं तर तुमचंच नाव निघालं पाहिजे, आणि ही उलटी नोंद तुमच्या हातात नसते, जोडणी देणाऱ्याच्या हातात असते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक टपाल पाठवणाऱ्यांवर हे सगळे शिक्के बंधनकारक केले. हे सारं पार पाडूनही पत्र पलीकडे स्पॅमच्या डब्यात पडतं, आणि नकार कळवलाही जात नाही. आमच्या त्या इंजिनिअर शेजाऱ्याने तीन आठवडे धडपड केली. सगळे शिक्के बरोबर आहेत असं तपासणारी संकेतस्थळं सांगत होती. तरी अमरावतीच्या आमच्या मित्राला पाठवलेलं दोन ओळींचं पत्र त्यांना महिन्याने, डबा साफ करताना सापडलं. त्यात श्राद्धाचं निमंत्रण होतं.

विजेचं थोडक्यात सांगतो, कारण नागपूरकराला काय सांगायचं. कोराडी, खापरखेड्याच्या चिमण्या गावातून दिसतात, आणि २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाचं वेळापत्रक आम्ही स्वयंपाकघरात लावलेलं होतं. आता तसं नाही. आता लाइन तासभर जात नाही, दोन सेकंद जाते आणि येते. माणसाला चालतं, फिरत्या डिस्कला चालत नाही. म्हणून यूपीएस आला. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, तेव्हा यूपीएसची बॅटरी माणसाआधी म्हातारी होते. कूलरच्या वाऱ्यात यंत्र ठेवावं तर दमट हवा लागते. मोठ्या कंपन्यांच्या माहितीकेंद्रात थंडाव्यासाठी वेगळी इमारत असते. आमच्याकडे कपाटाचं दार उघडं ठेवतात.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट देखभाल आहे. ती समजून घ्यायला चरख्याकडे पाहावं.

१९२९ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. कोणासाठी? सुधारलेला घरगुती चरखा बनवणाऱ्यासाठी. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. खेड्यातल्या झोपडीत, हाताने किंवा पायाने, थकवा न येता आठ तास चालला पाहिजे. तेवढ्या वेळात सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे. वीस वर्षं टिकला पाहिजे. आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची अट : वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे साडेसात रुपये. किर्लोस्करांच्या कारखान्यातूनही एक नमुना तयार झाला. पण सर्व अटींना उतरेल असा चरखा आला नाही, आणि बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

चरख्याबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो. पण घरात यंत्र ठेवा असं सांगणाऱ्याने दुरुस्तीचा हिशेब आधीच मांडला होता. आज घरच्या सर्व्हरबद्दल उत्साहाने बोलणारे मांडतात तो बसवण्याचा हिशेब. एका रविवारी बसतं, खरं आहे. पुढचे रविवार कोण देणार? दर आठवड्याला कुठल्या तरी प्रणालीत भोक सापडतं, ते बुजवावं लागतं. ज्यांनी बुजवली नाहीत त्यांचं काय झालं ते २०१६ मध्ये दिसलं. मिराई नावाच्या कीटकाने घराघरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, कशाच्या बळावर, तर कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. साठेक पासवर्डांची यादी पुरली. त्या फौजेने २१ ऑक्टोबरला हल्ला करून अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं तासन् तास पाडली. म्हणजे तुमच्या घरातलं नीट न राखलेलं यंत्र फक्त तुमचा प्रश्न राहत नाही.

इथे आपल्या मराठी महसुली भाषेतला एक भेद फार उपयोगी पडतो. शेतीचे वाद ज्यांनी पाहिलेत त्यांना मालकी, ताबा आणि वहिवाट या तीन वेगळ्या गोष्टी असतात हे माहीत आहे. कागदावर नाव एकाचं, जमीन दुसऱ्याच्या हातात, आणि कसतो, बांध राखतो, येतो-जातो तिसरा. कंपनीच्या यंत्रावरच्या आपल्या फोटोंची मालकी आपलीच असते, त्यांच्या करारात तसं लिहिलेलंही असतं. ताबा त्यांच्याकडे असतो. घरी सर्व्हर आणला की ताबा आपल्याकडे आला. लोक तिथेच थांबतात. वहिवाट रोजच्या राबण्याने होते, आणि ती बंद पडली तर ताबाही नावापुरता उरतो.

आणि वहिवाट पुढच्या पिढीकडे जाते का? महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. ग्रंथ टिकले, मठांत टिकले, पण पंथाबाहेर शतकानुशतकं कोणाला वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी लिपी उलगडली तेव्हा मराठी गद्याचा इतिहास मागे सरकला. त्यांच्याकडे निदान गुरुशिष्यपरंपरा होती. आमच्या यंत्रावरच्या किल्ल्या आजच्या गणिताने लावलेल्या आहेत, त्या उलगडायला कोणी राजवाडे येणार नाहीत. आमचं वय पंचाहत्तरीकडे झुकलंय. आमच्या पश्चात आमच्या सौभाग्यवतींनी नातवंडांचे फोटो पाहायचे म्हटले आणि दाराला कुलूप निघालं, तर ती कंपनी परवडली असंच त्या म्हणतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

शेवटी दोन प्रश्न आले आहेत, तेवढे घेऊन थांबतो. पहिला, "मग सर, करावं की करू नये?" आम्ही काय केलं ते सांगतो. ई-मेल घरी ठेवणं आम्ही सोडलं. एका छोट्या सेवेला वर्षाचे पैसे देतो, पण नाव आमचं आहे, त्यामुळे ती सेवा बदलली तरी पत्ता बदलत नाही. फोटो, ध्वनिफिती आणि टिपणं घरी आहेत, कारण त्यांना पलीकडच्या कोणाची संमती लागत नाही. दुसरा प्रश्न एका भगिनींचा, "आग लागली, चोरी झाली तर?" संताजींचं उदाहरण त्यासाठीच दिलं होतं, दुसरी प्रत दुसऱ्या घरी हवी. आमच्याकडे दोन डिस्क आहेत. दिवाळीला मुलगी पुण्याहून येते, एक घेऊन येते आणि दुसरी घेऊन जाते. किल्ल्या एका दोनशेपानी वहीत शाईने लिहिल्या आहेत, कोणतं बटण आधी दाबायचं इथपासून. वही पोथ्यांच्या फडताळात आहे, आणि ती कुठे आहे हे सौभाग्यवतींना माहीत आहे. गेल्या महिन्यात त्यांना म्हटलं, आम्ही घरी नाही असं समजून वही पाहून एकदा सगळं बंद करून चालू करा. सव्वा तास लागला. सातव्या पानावर त्या अडल्या, ते पान आता पुन्हा लिहायला घेतलंय.